दोन टप्प्यांचा चषक : १९४५-४६ च्या एफए चषक हंगामाचा प्रकरण अभ्यास

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या चषकाचा, म्हणजे एफए चषकाचा स्वभाव एका नियमात सामावलेला आहे : सामना हरला की स्पर्धा संपली. बरोबरी झाली तर २०२३-२४ पर्यंत पुनर्लढत होत असे, पण पराभवानंतर दुसरी संधी मिळत नाही. १८७१-७२ मध्ये स्पर्धा सुरू झाल्यापासून खालच्या स्तरावरचे क्लब बड्या क्लबांना घरी पाठवू शकले, ते याच कठोर नियमाच्या आधारावर. हा नियम मुख्य स्पर्धेत केवळ एका हंगामापुरता बाजूला ठेवण्यात आला, तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या म्हणजे १९४५-४६ च्या हंगामात. त्याच हंगामात बोल्टनच्या बर्नडेन पार्क मैदानावर ३३ प्रेक्षक चेंगरून मृत्युमुखी पडले आणि त्याच हंगामात डर्बी काउंटीने आपला पहिला आणि आजवरचा एकमेव एफए चषक जिंकला. स्पर्धेच्या रचनेत केलेला बदल, मैदानांची युद्धोत्तर अवस्था आणि गर्दीची हाताळणी या तीन गोष्टींचा परस्परसंबंध या प्रकरणात तपासायचा आहे.

युद्धापूर्वीचा अखेरचा अंतिम सामना २९ एप्रिल १९३९ रोजी झाला होता. त्यात पोर्टस्मथने वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सला ४-१ असे हरवले आणि त्यानंतर सहा हंगाम चषक खेळवलाच गेला नाही. मे १९४५ मध्ये युरोपातले युद्ध थांबले, तरी फुटबॉल लीगची नेहमीची चार विभागांची व्यवस्था त्या वर्षी सुरू होऊ शकली नाही, कारण अनेक खेळाडू अद्याप सैन्याच्या गणवेशात होते, रेल्वेप्रवास अडचणीचा होता आणि काही मैदाने वापरण्याच्या स्थितीत नव्हती. मँचेस्टर युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते आणि हा क्लब आपले घरचे सामने शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मेन रोडवर खेळत होता. आर्सेनलचे हायबरी युद्धकाळात नागरी संरक्षणाच्या कामासाठी घेतले गेल्यामुळे त्यांना टॉटनहॅमच्या मैदानाचा आसरा घ्यावा लागला होता. पहिल्या आणि दुसऱ्या विभागातील क्लबांची उत्तर आणि दक्षिण अशी तात्पुरती वाटणी करून सामने भरवण्यात आले, मात्र बढती नाही आणि पदावनती नाही, अशा त्या लीगला युद्धापूर्वीच्या लीगची धार नव्हती.

अशा परिस्थितीत राष्ट्रीय पातळीवरची खरी स्पर्धा म्हणून उरला तो एफए चषकच. क्लबांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या आणि प्रेक्षक मात्र खेळासाठी आसुसलेले होते. म्हणून पहिल्या मुख्य फेरीपासून सहाव्या फेरीपर्यंत, म्हणजे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत, प्रत्येक जोडीने घरी एक आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर एक असे दोन सामने खेळावेत आणि दोन्हींची एकत्रित गोलसंख्या पाहून विजेता ठरवावा, असे ठरले. उपांत्य आणि अंतिम सामने पूर्वीप्रमाणेच एकेरी राहिले. युद्धकाळात भरवलेल्या वॉर कप स्पर्धेत दोन टप्प्यांची पद्धत वापरली गेली होती, त्यामुळे ती क्लबांना अनोळखी नव्हती. प्रत्येक क्लबाला किमान एका घरच्या सामन्याच्या तिकीटविक्रीची खात्री मिळावी, हा हेतू त्यामागे होता आणि क्लबांची त्या काळातली अवस्था पाहता तो अयोग्य म्हणता येणार नाही.

नव्या पद्धतीने खेळाचे काय केले, हे जानेवारी १९४६ मध्ये तिसऱ्या फेरीपासूनच दिसू लागले. वेस्ट हॅमने पहिल्या टप्प्यात आर्सेनलला ६-० असे हरवले. दुसरा टप्पा आर्सेनलने १-० ने जिंकला खरा, पण त्या सामन्याला निकालाच्या दृष्टीने काही अर्थ उरला नव्हता. दुसऱ्या बाजूला न्यूकॅसलने बार्न्सलीवर ४-२ अशी आघाडी घेतली आणि परतीच्या सामन्यात ०-३ असा पराभव पत्करून स्पर्धेतून बाहेर पडले. चौथ्या फेरीत मँचेस्टर युनायटेडने प्रेस्टनला १-० ने हरवले आणि नंतर प्रेस्टनच्या मैदानावर १-३ ने हार खाल्ली. सर्वांत विलक्षण निकाल मँचेस्टर सिटीचा होता : त्यांनी ब्रॅडफर्ड पार्क अॅव्हेन्यूला त्यांच्याच मैदानावर ३-१ असे नमवले आणि मग स्वतःच्या घरी २-८ असा पराभव ओढवून घेतला.

हंगामाविषयी लिहिताना चार्लटन अॅथलेटिकचा उल्लेख नेहमी एका वैशिष्ट्यासह होतो : स्पर्धेत एक सामना गमावूनही अंतिम फेरी गाठणारा तो पहिला संघ होता. तिसऱ्या फेरीत त्यांनी फुलहॅमला घरी ३-१ ने हरवले आणि फुलहॅमच्या क्रेव्हन कॉटेज मैदानावर १-२ अशी हार पत्करली, तरी एकत्रित ४-३ ने ते पुढे गेले. यावरून चार्लटनला नव्या नियमाचा मोठा लाभ झाला असे अनेकांना वाटते, परंतु निकाल क्रमाने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. फुलहॅमविरुद्धचा पहिला सामना चार्लटनने जिंकलाच होता आणि जुन्या पद्धतीत तो एकच सामना झाला असता. पुढे वुल्व्ह्ज म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्धचा पहिला सामना त्यांनी ५-२ ने आणि ब्रेंटफर्डविरुद्धचा ६-३ ने जिंकला. केवळ प्रेस्टनविरुद्ध पहिल्या सामन्यात १-१ अशी बरोबरी झाली, पण जुन्या नियमानेही त्याची पुनर्लढत चार्लटनच्या व्हॅली मैदानावरच झाली असती आणि परतीचा सामना तिथे त्यांनी ६-० ने जिंकला. डर्बीचेही तसेच आहे. ल्यूटनवर ६-०, वेस्ट ब्रॉमविचवर १-०, ब्रायटनवर ४-१ आणि अॅस्टन व्हिलावर ४-३ असे चारही पहिले सामने त्यांनी जिंकले होते. म्हणजे पहिल्या टप्प्यांचे निकाल ग्राह्य धरले तर अंतिम फेरीतले दोन्ही संघ एकेरी सामन्यांच्या नियमानेही तिथपर्यंत पोहोचले असते. नियमाचा लाभ झाला तो बार्न्सली, प्रेस्टन आणि ब्रॅडफर्ड यांसारख्या क्लबांना, ज्यांना पराभवानंतर परत उभे राहता आले. या तिघांपैकी एकही पुढे उपांत्य फेरीत पोहोचला नाही. क्रीडादृष्ट्या या बदलाने चषकाच्या अंतिम वाटचालीत फारसा फरक केला नाही, असा माझा निष्कर्ष आहे.

गर्दीच्या बाबतीत मात्र फरक पडला आणि तो मोठा होता. २ मार्च १९४६ रोजी व्हिला पार्कवर अॅस्टन व्हिला आणि डर्बी यांच्यातील सहाव्या फेरीच्या पहिल्या टप्प्यासाठी ७६,५८८ प्रेक्षक आले. त्या मैदानाच्या इतिहासातली ती आजही सर्वोच्च उपस्थिती आहे. युद्धाच्या वर्षांत सामन्यांच्या गर्दीवर निर्बंध होते. निर्बंध उठल्यावर लोक मैदानांकडे लोटले. मैदाने तीच जुनी होती, सहा वर्षे दुरुस्तीविना पडलेली, आणि त्यांतले काही भाग अजून सरकारी ताब्यात होते. ही बाजू बोल्टनच्या घटनेत निर्णायक ठरली.

बर्नडेन पार्क, ९ मार्च १९४६

सहाव्या फेरीत बोल्टन वाँडरर्सची गाठ स्टोक सिटीशी होती. पहिल्या टप्प्यात स्टोकच्या मैदानावर रे वेस्टवुडच्या दोन गोलांमुळे बोल्टनने २-० अशी आघाडी घेतली होती. परतीचा सामना शनिवारी दुपारी तीन वाजता होता. स्टोककडून स्टॅन्ली मॅथ्यूज खेळणार होते, ज्यांना पाहण्यासाठी इंग्लंडमध्ये कुठल्याही मैदानावर लोक गर्दी करत असत. बोल्टनला उपांत्य फेरी खुणावत होती. सामना तिकिटे आधी विकून भरवलेला नव्हता, म्हणजे प्रत्येकाने दारावर पैसे देऊन आत यायचे होते आणि त्यामुळे किती लोक येणार याचा अंदाज कुणालाच आधी बांधता येणार नव्हता.

मैदानाच्या एका टोकाला रेल्वेमार्गाला लागून मातीचा उतार होता आणि त्यावर उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्या होत्या. या भागाला रेल्वे एंड म्हणत. नेहमीच्या दिवसांत प्रेक्षक तिथे दोन्ही बाजूंनी येऊ शकत. परंतु बर्नडेन स्टँडचा भाग पुरवठा मंत्रालयाने युद्धकाळात साठवणुकीसाठी घेतला होता, तो अद्याप परत मिळाला नव्हता आणि त्यामुळे पूर्वेकडची टर्नस्टाइल म्हणजे फिरती प्रवेशद्वारे बंद होती. परिणामी रेल्वे एंडकडे जाणारे सर्व प्रेक्षक एकाच टोकाच्या फाटकांतून आत येत होते आणि त्याच कोपऱ्यात साचत होते. पायऱ्यांवर पुढे सरकायला वाट राहिली नाही, तेव्हा मागून येणाऱ्यांचा दाब पुढच्यांवर पडू लागला. दुसऱ्या टोकाला त्याच उतारावर मोकळी जागा शिल्लक होती, पण कोपऱ्यात अडकलेल्या माणसांना तिथपर्यंत जाणे शक्य नव्हते.

दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी टर्नस्टाइल बंद करण्यात आली. बाहेर अजून हजारो लोक होते. त्यांतले काही भिंतींवरून चढून आत आले, काही रेल्वेमार्गाच्या बाजूने कुंपण ओलांडून आले. याच वेळी आपल्या लहान मुलाला गर्दीतून बाहेर काढण्यासाठी एका पित्याने बाहेर जाण्याच्या फाटकाचे कुलूप उघडले आणि उघडलेल्या त्या फाटकातून बाहेरचे लोक आत शिरले. त्या माणसाला दोष देणारे लिखाण मला अन्यायकारक वाटते. आत गुदमरणाऱ्या मुलाला वाचवण्यासाठी त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता आणि फाटकावर माणूस नेमणे ही त्याची जबाबदारी नव्हती.

सामना सुरू झाल्यानंतर थोड्याच वेळात कोपऱ्यातील झेंड्याजवळचे दोन लोखंडी अडसर वाकले आणि तुटले. त्यांना रेटून उभी असलेली माणसे पुढे कोसळली आणि मागची त्यांच्यावर पडली. सुमारे बारा मिनिटांचा खेळ झाल्यावर एका पोलिसाने पंच जॉर्ज डटन यांना माणसे मेल्याचे सांगितले आणि खेळाडूंना मैदानाबाहेर नेण्यात आले. बळी पडलेल्यांना सीमारेषेलगत आडवे ठेवून झाकण्यात आले. सामना रद्द केला तर बहुतेकांना कारण कळणार नाही आणि नव्याने गोंधळ माजेल, अशी भीती पोलीस प्रमुखांना वाटली आणि सुमारे पंचवीस मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला. नवी सीमारेषा लाकडाच्या भुशाने आखण्यात आली. मध्यंतराची विश्रांती घेतली गेली नाही, संघांनी केवळ बाजू बदलल्या. निकाल ०-० असा लागला आणि बोल्टन उपांत्य फेरीत गेले. मृतांची संख्या ३३ होती, जखमी शेकडो होते. १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर ६६ माणसे मेली, तोपर्यंत ब्रिटनमधील फुटबॉल मैदानावरची ही सर्वांत भीषण दुर्घटना होती.

या घटनेतला एक आकडा मुद्दाम थांबून पाहण्यासारखा आहे. त्या दिवशी टर्नस्टाइलमधून आत आलेल्यांची अधिकृत संख्या ६५,४१९ होती. १९३३ मध्ये याच मैदानावर मँचेस्टर सिटीविरुद्धच्या चषक सामन्यासाठी ६९,९१२ प्रेक्षक आले होते आणि तो दिवस सुरळीत पार पडला होता. मैदानाकडे आलेल्या एकूण माणसांची संख्या ८५,००० च्या घरात असावी असे अंदाज आहेत आणि त्यांतले कितीतरी भिंती ओलांडून आत आले. तरीही केवळ संख्येने या दुर्घटनेचा उलगडा होत नाही. मैदानाने याहून अधिक लोक पूर्वी सामावले होते, पण तेव्हा ते सर्व बाजूंनी आत आले होते. या वेळी अर्धी वाट बंद होती आणि ती बंद आहे हे आयोजकांना, पोलिसांना आणि ती जागा ताब्यात असलेल्या मंत्रालयाला ठाऊक होते. कोणत्या भागात किती माणसे गेली हे सामना चालू असताना मोजण्याची सोय मात्र कुणाकडेही नव्हती. टर्नस्टाइलवरचे आकडे एकत्र यायचे ते सगळे संपल्यावर, पैशांचा हिशेब करताना.

गृहमंत्री जेम्स च्यूटर ईड यांनी नेमलेल्या चौकशीचे काम विधिज्ञ मोलविन ह्यूज यांच्याकडे होते. त्यांचा अहवाल त्याच वर्षी आला आणि तो वाचताना त्याच्या नेमकेपणाचा आदर वाटतो. प्रत्येक मैदानाच्या प्रत्येक भागात किती माणसे सुरक्षितपणे मावतील याची शास्त्रीय पद्धतीने गणना व्हावी, आत येणाऱ्यांची यांत्रिक मोजणी होऊन ती एका ठिकाणी एकत्र कळावी म्हणजे मर्यादा गाठण्यापूर्वीच दारे बंद करता येतील आणि मैदानांना स्थानिक प्रशासनाकडून परवाना घेणे बंधनकारक करावे, अशा शिफारशी त्यांनी केल्या. याआधी १९२३ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या पहिल्याच अंतिम सामन्यात गर्दी मैदानात उतरल्यावर एडवर्ड शॉर्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. त्या समितीपुढे फुटबॉल असोसिएशनने साक्षच दिली नाही आणि समितीने हा विषय खेळाच्या संस्थांवरच सोपवून दिला. बोल्टननंतर तरी कायदा व्हायला हवा होता, पण तो झाला नाही.

दोन टप्प्यांच्या पद्धतीचा या दुर्घटनेशी संबंध किती, हा प्रश्न टाळता येत नाही. सोडतीत पहिला सामना स्टोकच्या मैदानावर होता आणि तो बोल्टनने जिंकला होता. एकेरी पद्धत असती तर ९ मार्चचा सामना झालाच नसता, हे खरे. तरी मी त्या पद्धतीला कारण म्हणणार नाही, कारण व्हिला पार्कवर त्याच पद्धतीच्या सामन्याला दहा हजारांहून अधिक जास्त माणसे आली आणि ती सुखरूप घरी गेली. दोष होता तो जादा सामने भरवण्याचा निर्णय घेताना मैदानांचा विचार त्यात न करण्याचा. सामन्यांची संख्या कशी वाढवावी, उत्पन्न कसे वाढवावे, याचा काटेकोर विचार झाला. त्या उत्पन्नासाठी जी माणसे दारात येणार, त्यांच्या उभे राहण्याचा विचार प्रत्येक क्लबाच्या मर्जीवर राहिला.

उपांत्य फेरी आणि वेम्बली

दोन आठवड्यांनी, २३ मार्चला, बोल्टनचा संघ व्हिला पार्कवर चार्लटनपुढे उतरला आणि ख्रिस डफीच्या दोन गोलांनी ०-२ असा हरला. दुसऱ्या उपांत्य सामन्यात डर्बी आणि बर्मिंगहॅम सिटी यांची १-१ अशी बरोबरी झाली. मेन रोडवरची पुनर्लढत आठवड्याच्या मधल्या दिवशी, कामाच्या वेळेत झाली, तरी तिला ८०,४०७ प्रेक्षक आले. बोल्टनच्या घटनेला तीन आठवडेही झाले नव्हते. डर्बीने जादा वेळेत ४-० असा विजय मिळवला.

डर्बीची ताकद तिच्या दोन इनसाइड फॉरवर्डमध्ये, म्हणजे मधल्या आघाडीवीराच्या दोन्ही बाजूंना खेळणाऱ्या खेळाडूंमध्ये होती. रायच कार्टर आणि पीटर डोहर्टी हे दोघे युद्धकाळात हवाई दलाच्या सेवेत होते आणि डिसेंबर १९४५ मध्ये, चषकाचा हंगाम ऐन रंगात येण्यापूर्वी, डर्बीने कार्टरला संडरलँडकडून आणि डोहर्टीला मँचेस्टर सिटीकडून विकत घेतले. कार्टर १९३७ च्या विजेत्या संडरलँड संघाचा कर्णधार होता. दोन प्रतिभावंत आयुष्याच्या तिशीत, सहा वर्षे हरवल्यानंतर, एका संघात एकत्र आले आणि अकरा सामन्यांत डर्बीने ३७ गोल केले. गोलरक्षक व्हिक वूडली हा चेल्सीचा माजी खेळाडू हंगामाच्या उत्तरार्धात बाथ सिटीकडून आणला गेला. चार्लटनच्या बाजूला व्यवस्थापक जिमी सीड यांनी युद्धापूर्वीच घडवलेला क्लब होता आणि गोलमध्ये सॅम बार्ट्रम होता. त्यांच्या आघाडीला खेळलेला आर्थर टर्नर हा हौशी खेळाडू चार्लटनकडून लीगचा एकही सामना कधी खेळला नाही. नियमित लीगच नसलेल्या हंगामातच असे घडू शकले.

२७ एप्रिल १९४६ रोजी वेम्बलीवर राजे सहावे जॉर्ज यांच्या उपस्थितीत आणि सुमारे ९८,००० प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला. पंचाऐंशीव्या मिनिटापर्यंत गोल झाला नाही. मग डर्बीच्या डॅली डंकनचा फटका अडवताना चार्लटनच्या बर्ट टर्नरकडून चेंडू स्वतःच्याच गोलमध्ये गेला. मिनिटभरातच त्याच टर्नरच्या फ्री किकवर, डोहर्टीला लागून दिशा बदललेला चेंडू डर्बीच्या गोलमध्ये गेला आणि बरोबरी झाली. एफए चषकाच्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंसाठी गोल करणारा छत्तीस वर्षांचा टर्नर हा पहिला खेळाडू ठरला. नियमित वेळेच्या अखेरीस डर्बीच्या जॅक स्टॅम्प्सने मारलेला चेंडू वाटेतच फुटला आणि बार्ट्रमने तो सहज उचलला. युद्धानंतर चांगले चामडे मिळत नव्हते आणि पुढच्याही वर्षीच्या अंतिम सामन्यात चेंडू फुटला. जादा वेळेत डोहर्टीने एक आणि स्टॅम्प्सने दोन गोल करून डर्बीला ४-१ असा विजय मिळवून दिला. १८९८, १८९९ आणि १९०३ असे तीन अंतिम सामने हरलेल्या क्लबाला अखेर चषक मिळाला आणि कर्णधार जॅक निकोलस याने तो राजांच्या हस्ते स्वीकारला. युद्धापूर्वी आणि युद्धानंतर अशा दोन्ही काळांत विजेतेपदाचे पदक मिळवणारा कार्टर हा एकमेव खेळाडू आहे.

२४ ऑगस्ट १९४६ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे संघ मेन रोडवर बोल्टनच्या मदतनिधीसाठी खेळले आणि २-२ अशी बरोबरी झाली. फुटबॉल लीग नेहमीच्या स्वरूपात सुरू झाल्यावर १९४६-४७ मध्ये एफए चषकाने एकेरी सामन्यांची पद्धत पुन्हा स्वीकारली आणि मुख्य स्पर्धेत दोन टप्पे त्यानंतर कधी आले नाहीत. चार्लटन त्या वर्षी पुन्हा वेम्बलीला गेले आणि डफीच्या गोलने बर्नलीला हरवून विजेते झाले. स्पर्धेचा नियम एका वर्षात सुधारला गेला, कारण तो सुधारणे क्लबांच्या आणि असोसिएशनच्या हिताचे होते. मैदानांना परवाना बंधनकारक करण्याची ह्यूज यांची शिफारस अमलात यायला आयब्रॉक्सचे ६६ बळी जावे लागले. ती १९७५ च्या क्रीडांगण सुरक्षा कायद्यात आली, आणि तीही सुरुवातीला केवळ मोठ्या मैदानांपुरतीच.